न्यायालयाचे दप्तर आणि संगणक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचे स्वरूप एका दिवसात पालटले. जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झालेले हे न्यायालय कायद्याच्या दृष्टीने नव्या मध्य प्रदेश राज्याचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपुरास गेले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आले व नागपुरास त्या न्यायालयाचे खंडपीठ राहिले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

माणसे आणि पदे एका आदेशाने हलतात; दप्तराचे तसे नसते. सागरच्या शेतकऱ्याचे अपील जबलपूरच्या वाटेचे आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याचे अपील नागपूरच्या वाटेचे, हे कागदाच्या गठ्ठ्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक प्रकरण हाती घेऊन ते कोणत्या जिल्ह्याचे आहे हे पाहावे लागते, त्याची यादी करावी लागते, पाठविणाऱ्याने मोजून द्यावे लागते आणि घेणाऱ्याने मोजून घ्यावे लागते. एखादा गठ्ठा वाटेत राहिला, तर त्यात कोणाची जमीन असते, कोणाचा वारसा असतो, क्वचित कोणाचा प्राणही असतो. म्हणून दप्तर हलविणे हे हमालीचे काम दिसले, तरी ते न्यायदानाचाच एक भाग असते.

त्या लाल फितीच्या गठ्ठ्यांची जागा आता बऱ्याच अंशी संगणकाने घेतली आहे. २००७ साली हाती घेतलेल्या ई-कोर्ट प्रकल्पातून देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत संगणक पोहोचले. २०१५ साली ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’ नावाचे माहितीजाल जनतेस खुले झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. या न्यायालयांतून प्रकरणांची नोंद ठेवणारी जी संगणकप्रणाली वापरात आली, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील मंडळींनी घडविली, ही गोष्ट मराठी श्रोत्यांस विशेष जवळची वाटेल. जबलपूरच्या जिल्हा न्यायालयात आज दावा दाखल झाला, की त्याला सोळा अक्षरांकांची एक ओळख मिळते. तिच्यात आधी राज्याची दोन अक्षरे, मग जिल्ह्याचे दोन अंक, न्यायालयाचे दोन, प्रकरणाचे सहा आणि वर्षाचे चार अंक येतात. १९५६ साली गठ्ठ्याला जो प्रश्न विचारावा लागत होता, ‘तू कोठला?’, त्याचे उत्तर आता नोंदीच्या नावातच बसविलेले असते.

ज्या कोठारात या नोंदी राहतात, त्याला डेटाबेस म्हणतात. जून १९७० मध्ये एडगर कॉड या शास्त्रज्ञाने आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेतून एक निबंध प्रसिद्ध केला व या कोठारांची आजची रचना सुचविली. तिचे सार असे, की सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध खुणेच्या क्रमांकाने जोडावा. पक्षकारांचा एक तक्ता, प्रकरणांचा दुसरा, तारखांचा तिसरा. वकिलाचा पत्ता बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलायचा; त्याच्या शंभर प्रकरणांत तो आपोआप नवा दिसतो. याच्या जोडीला दुसरा एक नियम असतो. एखादे काम पुरते झाले तरच ते टिकवायचे, अर्धवट राहिले तर ते मुळीच झाले नाही असे धरायचे. न्यायाधीशांनी सुनावणी पुढे ढकलली आणि प्रकरण आजच्या यादीतून निघाले, पण नव्या तारखेच्या यादीत चढण्यापूर्वीच वीज गेली, तर ते दोन्ही यादींतून नाहीसे होईल. असे होऊ नये म्हणून यंत्र प्रत्येक फेरफार आधी एका रोजकीर्दीत लिहिते आणि मगच मूळ तक्त्यास हात लावते.

पुण्यात घडलेल्या या प्रणालीच्या मुळाशी पोस्टग्रेस नावाचा मुक्त डेटाबेस आहे. त्याचा उगम १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात झाला. तो सर्वांस विनामूल्य मिळतो. त्याची नवी आवृत्ती साधारण दर वर्षी निघते आणि तिच्यातील दोष दुरुस्त करण्याचे काम पाच वर्षेपर्यंत चालते. त्यानंतर ती आवृत्ती बंद पडत नाही. ती पूर्वीसारखीच चालत राहते. धोका नेमका येथेच आहे. चालणाऱ्या यंत्राला हात कशाला लावावा, असे कचेरीतील शहाण्या माणसालाही वाटते. परंतु जुन्या आवृत्तीतील दोष जगजाहीर झालेले असतात आणि त्यांची डागडुजी करणारे कोणी उरलेले नसते. चोराला ठाऊक असलेली खिडकी उघडी ठेवून दारास मात्र भक्कम कुलूप घालावे, तशी ही अवस्था होते.

दुरुस्ती हाती असून ती न केल्याने काय होते, याचा धडा २५ जानेवारी २००३ रोजी जगाला मिळाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एका डेटाबेसमधील दोष जुलै २००२ मध्येच जाहीर झाला होता व त्यावरील दुरुस्तीही त्याच वेळी दिली गेली होती. हजारो कचेऱ्यांनी ती बसविली नाही. सहा महिन्यांनी ‘स्लॅमर’ नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा एक घातक आदेशसंच त्या दोषातून आत शिरला आणि दहा मिनिटांच्या आत जगभरच्या बहुतेक सर्व दुर्बल यंत्रांना त्याने ग्रासले. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची पैसे देणारी यंत्रेही त्या दिवशी खोळंबली. या आदेशसंचाने कोणाची माहिती चोरली नाही. केवळ स्वतःच्या प्रती पाठवून पाठवून त्याने जगाचे रस्ते तुंबविले. त्याच वाटेने चोर आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

तेव्हा जुने दप्तर नव्या घरी न्यावेच लागते. प्रश्न एवढाच, की ते कसे न्यावे. जाणती मंडळी या कामाचे टप्पे पाडतात. प्रथम मोजदाद होते. प्रत्येक तक्त्यात किती नोंदी आहेत, त्यांपैकी प्रलंबित किती, निकाली किती, सर्वांत जुनी कोणती, हे लिहून ठेवले जाते. मग मूळ दप्तराला हात न लावता त्याच्या प्रतीवर सारे स्थलांतर करून पाहतात. किती वेळ लागतो आणि काय मोडते, ते या रंगीत तालमीत कळते. त्यानंतर न्यायालयास सुटी असेल असा दिवस निवडून प्रत्यक्ष बदल करतात आणि पहिली मोजदाद पुन्हा करून ताळा पाहतात. शेवटचा टप्पा बहुधा विसरला जातो. नवे दप्तर काही काळ निर्दोष चालेपर्यंत जुने मोडायचे नाही आणि परत फिरण्याची वाट व वेळ आधीच ठरवून ठेवायची.

या शिस्तीला फाटा दिल्याचे मोल ब्रिटनच्या टीएसबी बँकेला भरावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपले सुमारे बावन्न लाख ग्राहक जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेले, आणि तेही बव्हंशी एकाच वेळी. रक्कम नव्या घरी नीट पोहोचली होती. परंतु नवे घर एवढी वर्दळ सोसू शकले नाही. एकोणीस लाख ग्राहकांना आपले खातेच उघडेना, आणि काहींना तर परक्याचे खाते दिसू लागले. पुढे चौकशीत निघाले, की बँकेच्या दोन संगणककेंद्रांपैकी एकाचीच पुरेशी कसोटी घेतलेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला चार कोटी साडेशहाऐंशी लाख पौंडांचा दंड केला.

मोजदाद जुळली म्हणजे काम संपले असेही नाही, कारण आकडा तोच राहून त्याचा अर्थ बदलू शकतो. भारतातील न्यायालयांना याचा अनुभव १ जुलै २०२४ पासून रोजच येत आहे. त्या दिवशी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेतील कलम ३०२ म्हणजे खून, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होते. नव्या संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे आणि ३०२ हा आकडा धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांच्या अपराधास मिळाला आहे. आता समजा, एखाद्या न्यायालयाच्या तक्त्यात संहितेचे नाव न लिहिता केवळ कलमाचा आकडा ठेवला असेल. नव्या प्रणालीत तो जसाच्या तसा नेला, तर खुनाचा आरोपी निंदेचा आरोपी दिसेल, किंवा उलटेही घडेल. याच्या उलट, सर्व ३०२ सरसकट पुसून तेथे १०३ लिहिले, तर जुन्या कायद्याखाली चाललेल्या खटल्याची नोंद खोटी ठरेल. म्हणून आकड्याबरोबर कायद्याचे नाव आणि अपराधाची तारीख या दोन्ही गोष्टी साठवाव्या लागतात. ही जाण यंत्राला नसते. ती कायदा जाणणाऱ्या कारकुनाने यंत्राच्या कारागिराला द्यावी लागते.

देवनागरी अक्षरांची अडचण याहून सूक्ष्म आहे. मध्य भारतातील कचेऱ्यांतून अनेक वर्षे ‘कृतिदेव’सारख्या टंकांत मजकूर लिहिला जात असे. या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठतात. टंक काढून घेतला की उरते ती निरर्थक अक्षरांची रांग. असा मजकूर आधी युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत आणावा लागतो. तेवढ्यानेही सर्व साधत नाही. जबलपूरच्या पोटातच गोंड राजांची जुनी राजधानी गढ़ा आहे. या नावातील खाली टिंब दिलेला ढ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक तर टिंबासह एकच अक्षर म्हणून, किंवा ढ आणि टिंब अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही ‘गढ़ा’ सारखेच दिसतात; यंत्राला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. एका पद्धतीने नोंदविलेला गढ़ा येथील पक्षकार दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडत नाही, आणि असा कोणी नाही, असे उत्तर मिळते. म्हणून स्थलांतराच्या वेळी सर्व नावे एकाच रूपात आणणे आवश्यक असते.

वर्णक्रमाचीही तीच गोष्ट आहे. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’च्या पोटात शोधायचे की वर्णमालेच्या शेवटी, याविषयी मराठी कोशांतही एकवाक्यता नाही. शोधणाऱ्याने एक क्रम धरला आणि रचणाऱ्याने दुसरा, तर शब्द कोशात असूनही हाती लागत नाही. यंत्र आपली सूची अशाच एका ठराविक क्रमाने लावते. २०१८ साली लिनक्स प्रणालीच्या एका मूलभूत भागातील वर्णक्रमाचे नियम बदलले आणि ज्यांनी ती प्रणाली अद्ययावत केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पोस्टग्रेसमधील सूच्या बिघडल्या. नोंदी जागच्या जागी होत्या. केवळ त्या सापडेनाशा झाल्या. त्यावर उपाय एकच होता, तो म्हणजे सूच्या नव्याने रचणे. डेटाबेसला कोणी हात लावला नव्हता, शेजारची वस्तू बदलली होती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इतकी काळजी घेऊनही अपघात होतात, आणि त्या वेळी आधार असतो तो दुसऱ्या प्रतीचा. मात्र प्रत ठेवली आहे असा विश्वास असणे आणि ती उपयोगी पडणे, यांत अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका कर्मचाऱ्याने चुकीच्या यंत्रावर आदेश देऊन सुमारे तीनशे गिगाबाइट माहिती पुसून टाकली. राखीव प्रती पाहू गेले, तर नित्याची प्रत रिकामी निघाली. डेटाबेस नव्या आवृत्तीत गेला होता, पण प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचेच चालविले जात होते; ते निमूटपणे नापास होत राहिले आणि त्याची सूचना कोणापर्यंत पोहोचत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बरेचसे वाचले. राखीव प्रतीतून दप्तर खरोखर उभे करून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणू नये, हा धडा तेव्हापासून या व्यवसायात पक्का झाला.

याउलट उदाहरण दिल्लीचे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच संगणकांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी गूढलिपीत कोंडून टाकली. त्यानंतर रुग्णांची नोंद कित्येक दिवस हाताने करावी लागली. तथापि, हल्ल्याची झळ न लागलेल्या एका राखीव यंत्रावर प्रत सुरक्षित होती आणि तिच्यावरून नव्या यंत्रांवर माहिती पुन्हा उभी करता आली. घराला आग लागल्यास त्याच घरातील पेटी उपयोगाची नसते. ज्या जाळ्यात मूळ दप्तर, त्याच जाळ्यात प्रतही असेल, तर शत्रू दोन्ही एकदम कोंडतो. म्हणून एक प्रत तरी दूर आणि जाळ्यापासून विलग ठेवावी लागते.

बाहेरच्या शत्रूइतकीच आतल्या मोकळ्या हातांचीही चिंता वाहावी लागते. जुन्या दप्तरखान्यात किल्ली एकाकडे, नोंदवही दुसऱ्याकडे आणि तपासणी तिसऱ्याकडे असे. संगणकातही हीच विभागणी चालते. तारीख नोंदविणाऱ्यास निकालाचा मजकूर बदलता येऊ नये. यंत्र सांभाळणाऱ्यास त्यातील कागद वाचता येऊ नये. आणि कोणी काय केव्हा बदलले याची रोजकीर्द अशा ठिकाणी असावी, की बदलणाऱ्याचा हात तेथवर पोहोचणार नाही. नागरिकाने भरावयाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी यंत्राला उद्देशून आदेशच लिहिला, तर त्याला केवळ मजकूर समजावे, आज्ञा समजू नये, ही खबरदारीही प्रणालीच्या रचनेतच घ्यावी लागते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार देशातील संस्थांनी सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी आणि यंत्रांच्या रोजकीर्दी एकशे ऐंशी दिवस जपाव्यात, असे ठरले आहे.

न्यायालयाच्या दप्तराला या सर्वांहून वेगळी एक कसोटी लागू होते. त्याचा पुष्कळसा भाग जनतेस खुला असावा लागतो आणि काही भाग कटाक्षाने झाकलेला. बलात्कारपीडित स्त्रीचे नाव उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अपराध आहे. कागदी फाइलीत ते नाव एका कपाटात पडून असे; संगणकात ते झाकायचे राहिले, तर एका क्षणात देशभर दिसते. दुसऱ्या बाजूस, मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचे आदेश संगणकावरून सुरक्षितपणे तुरुंगापर्यंत पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. अशा ठिकाणी नोंद हरवली किंवा उशिरा पोहोचली, तर सुटलेला माणूस कोठडीतच राहतो.

जबलपूरचे नाव या प्रश्नाशी आणखी एका धाग्याने जोडलेले आहे. आणीबाणीत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने स्थानबद्धांच्या अर्जांची दखल घेतली. त्याविरुद्ध जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी उलट निर्णय दिला, की अशा काळात नागरिकाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटेच त्याविरुद्ध उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तो जबलपूरचा निर्णय रद्द ठरविला, आणि त्या निकालपत्राचे एक लेखक होते त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. पुढे न्यायालयांच्या संगणकीकरणावर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्या खासगीपणाच्या हक्काच्या पायावर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. न्यायदानासाठी न्यायालयाने माहिती हाताळली, तर या कायद्यातील बऱ्याच बंधनांतून त्यास सूट आहे. परंतु माहितीचे वाजवी संरक्षण करण्याचे कर्तव्य त्या सवलतीतून वगळले आहे. त्यातून न्यायालयालाही सुटका नाही.

जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. त्यांतील प्रत्येक नोंदीमागे तारखेची वाट पाहणारे एखादे घर आहे. त्या घराला पोस्टग्रेसची आवृत्ती ठाऊक असण्याचे कारण नाही. आपले प्रकरण कालच्या जागी आज आहे, त्यात कोणी फेरफार केलेला नाही आणि जे झाकायचे ते झाकलेले आहे, एवढा भरवसा त्याला हवा असतो. १९५६ साली हा भरवसा मोजून देणारा आणि मोजून घेणारा अशा दोन माणसांच्या सह्यांवर उभा होता. यंत्रे पालटली, तरी मोजून देणे, मोजून घेणे, एक प्रत दूर ठेवणे आणि किल्ली एका हाती न सोपविणे ही कामे माणसांनाच करावी लागतात. आणि ती नित्यनेमाने करणारा कारकून हा आजही न्यायालयाचा खरा दप्तरदार असतो.